दहा महिन्यांत दुसऱ्यांदा अल्सर: पहिल्या वेळी काय राहून गेलं?

रुग्ण ६४ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवलेला, तेव्हापासून रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन. गुडघे झिजलेले, त्यासाठी अधूनमधून डायक्लोफेनॅक. जठरातल्या अल्सरमधून रक्तस्राव होऊन त्या एकदा दवाखान्यात दाखल झाल्या, बऱ्या होऊन घरी गेल्या आणि दहा महिन्यांनी तीच तक्रार घेऊन परत आल्या. पहिल्या वेळचे उपचार तसे उत्तम झाले होते. रक्तस्राव थांबला, जखम भरली, जीव वाचला. तरीही अल्सर पुन्हा का झाला, या प्रश्नाचं उत्तर शोधताना गेल्या चाळीसेक वर्षांचं अल्सरवरचं बरंचसं संशोधन वाटेत भेटतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. अल्सरच्या रुग्णांमध्ये जो क्रम वारंवार दिसतो, तो एका रुग्णाच्या रूपात एकत्र केला आहे. संशोधनातले आकडे मात्र प्रत्यक्ष प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांमधले आहेत.

पहिली वेळ

सुरुवात पोटदुखीने झाली नाही. आठवडाभर थकवा होता, जिना चढताना धाप लागत होती. त्यांना वाटलं, हृदयाचंच काहीतरी असेल. दोन दिवस शौचाला काळी, चिकट आणि उग्र वासाची होत होती, पण ते कुणाला सांगण्यासारखं त्यांना वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या, तेव्हा मुलीने दवाखान्यात आणलं. नाडी ११२, रक्तदाब ९६/६०, हिमोग्लोबिन ६.८. रक्तातलं युरियाचं प्रमाण वाढलेलं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन मात्र नेहमीइतकंच. जठरात सांडलेलं रक्त आतड्यात पचतं, त्यातल्या प्रथिनांपासून युरिया तयार होतो. त्यामुळे असं चित्र दिसलं की रक्त वरच्या पचनमार्गातून जात असावं असा अंदाज बांधता येतो.

‘डॉक्टर, आईचं पोट तर कधी दुखलंच नाही, मग अल्सर कसा?’ मुलीचा हा प्रश्न अगदी रास्त होता. वेदनाशामक गोळ्या आणि ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये, विशेषतः उतारवयात, अल्सर कित्येकदा मुका असतो. दुखणं दाबणारी गोळी अल्सरचं दुखणंही झाकते. अशा रुग्णाच्या बाबतीत काळी शौच हीच पहिली आणि कधी कधी एकमेव सूचना असते.

रक्त किती द्यायचं, याबद्दलची समजूत अलीकडे बदलली आहे. पूर्वी भरपूर रक्त चढवण्याकडे कल असे. २०१३ मध्ये बार्सिलोनातल्या ९२१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं, दुसऱ्या गटाला ९ च्या खाली गेल्यावर. सहा आठवड्यांनी पहिल्या गटातले ९५ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले ९१ टक्के. म्हणजे हात राखून रक्त देणंच जास्त सुरक्षित ठरलं. या बाईंना हृदयविकार असल्यामुळे मर्यादा थोडी वर, आठच्या आसपास ठेवली आणि दोन पिशव्यांवर थांबले.

दुर्बीण त्याच रात्री घाईघाईने घातली नाही. आधी रक्तदाब सावरला, मग दुसऱ्या दिवशी सकाळी एंडोस्कोपी केली. हाही निर्णय पुराव्याला धरून होता. गंभीर रक्तस्राव असलेल्या ५१६ रुग्णांवर हाँगकाँगमध्ये झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सहा तासांच्या आत एंडोस्कोपी केल्याने मृत्यूचं प्रमाण सहा ते चोवीस तासांत केलेल्यांपेक्षा कमी झालं नाही. नातेवाइकांना ही थांबण्याची वेळ फार जड जाते. पण त्या तासांत रुग्णाचं शरीर दुर्बीण सोसण्याइतकं सावरलं जातं, हे त्यांना शांतपणे सांगायला हवं.

जठराच्या खालच्या भागात, अँट्रममध्ये, सव्वा सेंटिमीटरचा अल्सर दिसला. त्याच्या तळाशी रक्तवाहिनीचं उघडं टोक होतं. कडेने ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन देऊन रक्तवाहिनीवर क्लिप बसवली. मग आम्ल दाबणारं औषध शिरेतून ७२ तास. या औषधाने नेमकं काय साधतं, ते २००० साली हाँगकाँगच्याच २४० रुग्णांच्या अभ्यासात दिसलं होतं: एंडोस्कोपीने रक्त थांबवल्यावर ओमेप्राझोल दिलेल्यांपैकी ६.७ टक्के रुग्णांना महिनाभरात पुन्हा रक्तस्राव झाला, न दिलेल्यांपैकी २२.५ टक्के. आम्ल कमी झालं की रक्ताची गुठळी टिकते.

इथवर सगळं नीट. आता तो भाग, जिथे धागा सुटला.

एंडोस्कोपी करतानाच अँट्रममधून ऊतीचा एक छोटा तुकडा घेऊन युरिएज चाचणी केली होती. चाचणी साधीच असते. छोट्या पट्टीवर पिवळ्या रंगाची जेल असते, तिच्यात युरिया आणि रंग बदलणारा दर्शक मिसळलेला असतो. तुकडा जेलमध्ये टोचून ठेवायचा. त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू असला तर त्याचं युरिएज हे विकर युरिया फोडून अमोनिया तयार करतं आणि पिवळी जेल तुकड्याच्या कडेपासून गुलाबी होत जाते. या बाईंची जेल पिवळीच राहिली. अहवालात लिहिलं गेलं: ‘एच. पायलोरी निगेटिव्ह’. आणि डिस्चार्जच्या कागदावर निदान आलं: ‘वेदनाशामक गोळ्यांमुळे झालेला जठराचा अल्सर’.

डायक्लोफेनॅक बंद केलं. आम्ल दाबणारी गोळी आठ आठवड्यांसाठी लिहून दिली. अल्सर भरला का हे पाहण्यासाठी पुन्हा एंडोस्कोपी करायची होती, पण बाईंना बरं वाटत होतं, त्यामुळे त्या आल्या नाहीत. गोळीचा कोर्स संपला, तशी गोळीही संपली. वास्तविक ॲस्पिरिन चालू असेपर्यंत ती चालू राहायला हवी होती, पण कागदावर आठ आठवडे लिहिलेले होते. शिवाय ‘या गोळ्यांनी मूत्रपिंड आणि हाडं खराब होतात’ असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

ॲस्पिरिनच्या बाबतीत मात्र त्या वेळी योग्य तेच झालं. तीन दिवस थांबवून ती पुन्हा सुरू केली. रक्तस्राव झाला म्हटल्यावर रक्त पातळ करणारी गोळी कायमची बंद करावी, असं सगळ्यांनाच वाटतं. पण २०१० मध्ये १५६ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यातले आकडे माझ्या मते प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर असायला हवेत. ॲस्पिरिन लगेच सुरू ठेवलेल्यांपैकी १०.३ टक्के रुग्णांना महिनाभरात पुन्हा रक्तस्राव झाला, बंद ठेवलेल्यांपैकी ५.४ टक्के. पण आठ आठवड्यांत मृत्यू किती? सुरू ठेवलेल्यांमध्ये १.३ टक्के, बंद ठेवलेल्यांमध्ये १२.९ टक्के. जठर वाचवायला जाऊन हृदय गमावण्याचा हा व्यवहार आहे.

दुसरी वेळ

दहा महिन्यांनी पुन्हा काळी शौच. या वेळी बाईंनी पहिल्याच दिवशी मुलीला सांगितलं आणि हिमोग्लोबिन ९.६ असतानाच त्या दवाखान्यात पोहोचल्या. चक्कर नाही, रक्तदाब ठीक. एंडोस्कोपीत जुन्या जागेच्या जवळच आठ मिलिमीटरचा अल्सर, तळ स्वच्छ, रक्त थांबलेलं.

इतिहास विचारताना एक गोष्ट लक्षात आली आणि तिनेच प्रकरणाची दिशा बदलली. मधल्या दहा महिन्यांत बाईंनी डायक्लोफेनॅकची एकही गोळी घेतलेली नव्हती. दुसरी कुठली वेदनाशामकंही नाहीत. मुलीने घरातल्या सगळ्या गोळ्या एकेक करून तपासल्या होत्या. म्हणजे ज्या कारणाचं नाव डिस्चार्जच्या कागदावर होतं, ते काढून टाकल्यावरही अल्सर झाला होता. उरली फक्त कमी मात्रेची ॲस्पिरिन. ती एकटी अल्सर करू शकते, पण तिच्यासोबत आणखी काही आहे का, हे पाहणं भाग होतं.

मग जुना अहवाल पुन्हा वाचला. पहिल्या वेळी रक्तस्राव चालू असताना चाचणी केली होती. त्याआधी तीन आठवडे छातीत जळजळ होते म्हणून बाई ॲसिडिटीची गोळी घेत होत्या; ती पँटोप्राझोल, म्हणजे आम्ल दाबणारीच गोळी होती, हे आता चौकशीत कळलं. आणि तुकडा एकच, तोही फक्त अँट्रममधून. या तिन्ही गोष्टी चाचणीच्या विरोधात जातात. रक्तस्राव चालू असताना युरिएज चाचणी जीवाणू असूनही चुकवण्याचं प्रमाण बरंच वाढतं. आम्ल दाबणाऱ्या गोळीने जीवाणूंची संख्या घटते आणि ते अँट्रम सोडून जठराच्या वरच्या भागाकडे सरकतात. अशा वेळी अँट्रममधल्या एका तुकड्यात ते सापडले नाहीत, एवढ्यावरून ते जठरात नाहीतच असं म्हणता येत नाही. चाचणी पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवावा. अशा परिस्थितीत निगेटिव्ह आली तर ती पुन्हा करायची चाचणी समजावी. मार्गदर्शक सूचना हेच सांगतात, पण डिस्चार्जच्या कागदावर ‘निगेटिव्ह’ हा एकच शब्द उतरला आणि ‘पुन्हा तपासा’ हे शब्द गळाले. मला सगळ्यात जास्त खुपते ती ही जागा. डॉक्टर बदलतात, रुग्ण विसरतो, पण कागदावरचा शब्द पुढच्या प्रत्येकाला तेच सांगत राहतो.

या वेळी अँट्रम आणि जठराचा मुख्य भाग अशा दोन्ही ठिकाणांहून तुकडे घेतले, आणि अल्सरच्या कडेचेही वेगळे घेतले. कडेचे तुकडे कर्करोग नाही ना हे पाहण्यासाठी. लहान आतड्याच्या सुरुवातीला होणारा अल्सर क्वचितच कर्करोगाचा असतो, जठराच्या अल्सरबाबत मात्र तशी खात्री डोळ्यांनी पाहून देता येत नाही. शिवाय एच. पायलोरीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच पहिल्या श्रेणीतलं कर्ककारक ठरवलं आहे. पहिल्या वेळी रक्त वाहत असताना हे तुकडे घेणं टाळलं, ते समजण्यासारखं आहे. पण म्हणूनच दुसरी एंडोस्कोपी टळायला नको होती. सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग दिसला नाही. जीवाणू मात्र दोन्ही ठिकाणच्या तुकड्यांत होते, वळणदार, श्लेष्माच्या थराला चिकटून.

जीवाणू, गोळी आणि आम्ल

‘आम्ल नाही तर अल्सर नाही’ हे सूत्र कार्ल श्वार्त्स यांनी १९१० मध्ये मांडलं आणि पुढची सत्तर वर्षं उपचार त्याभोवतीच फिरत राहिले. आम्ल कमी करणारी प्रभावी औषधं आली, अल्सर भरू लागले, आणि औषध थांबलं की परत येऊ लागले. रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या रुग्णालयात जठराच्या तुकड्यांत वळणदार जीवाणू दिसले. तरुण बॅरी मार्शल १९८१ मध्ये त्यांच्याबरोबर आले. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत प्रयोगशाळेतल्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि हा हळू वाढणारा जीवाणू पहिल्यांदा बशीत उगवला. मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतः जीवाणू पिऊन जठराची सूज ओढवून घेतली, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं.

पण या प्रकरणाच्या दृष्टीने त्यांचा १९८८ चा अभ्यास मला त्या प्रसंगापेक्षा मोलाचा वाटतो. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असलेल्या १०० रुग्णांचा तो पाठपुरावा होता. ज्यांच्यातला जीवाणू टिकून राहिला, त्यांच्यापैकी ८४ टक्के रुग्णांचा भरलेला अल्सर वर्षभरात परतला; ज्यांच्यातला गेला, त्यांच्यात २१ टक्के. अल्सर भरणं आणि अल्सरचं कारण जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत, हे या दोन आकड्यांत स्वच्छ दिसतं. आमच्या बाईंच्या बाबतीत पहिल्या वेळी यातली एकच घडली होती.

जीवाणू जठराच्या आम्लात जगतो कसा, तर त्याच युरिएजच्या जोरावर. युरियापासून अमोनिया बनवून तो स्वतःभोवतीचं आम्ल शमवतो, श्लेष्मात शिरतो आणि वर्षानुवर्षं सूज धुमसत ठेवतो. संसर्ग बहुधा बालपणी, कुटुंबातूनच होतो आणि उपचार केले नाहीत तर सहसा आयुष्यभर राहतो. बहुतेकांना अल्सर होत नाहीच. वेदनाशामकांचा मार्ग निराळा. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात. ही द्रव्यं सूज आणि वेदना वाढवतात, पण जठरात श्लेष्मा, बायकार्बोनेट आणि रक्तपुरवठा टिकवण्याचं काम तीच करतात. शिवाय ॲस्पिरिनमुळे बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, आपल्या उरलेल्या आयुष्यासाठी निकामी होतात. जखम छोटी असली तरी रक्त लवकर थांबत नाही.

एकीकडे आतून धुमसणारी सूज, दुसरीकडे संरक्षक थर पातळ करणारी गोळी. २००२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात अल्सरमधून रक्तस्राव होण्याची शक्यता केवळ जीवाणू असेल तर १.७९ पट, केवळ वेदनाशामकं असतील तर ४.८५ पट आणि दोन्ही असतील तर ६.१३ पट आढळली. म्हणून ‘गोळीमुळे झाला की जीवाणूमुळे?’ हा प्रश्नच अनेकदा चुकीचा असतो. एक कारण सापडलं की दुसऱ्याचा शोध थांबतो, आणि पहिल्या वेळी नेमकं तेच झालं.

ताणतणाव आणि तिखट खाणं यांचं नाव घरोघरी घेतलं जातं. जळजळ त्यांनी वाढू शकते, पण या बाईंचा अल्सर समजून घ्यायला त्यांची गरज नाही. जीवाणूही नाही आणि गोळ्याही नाहीत असे अल्सर असतात, त्यांचं प्रमाण काही देशांत वाढताना दिसतं आहे. पण तो निष्कर्ष काढण्याआधी दोन्ही कारणं नीट धुंडाळलेली असायला हवीत.

कोणती औषधं?

पूर्वीचा सरधोपट मार्ग म्हणजे आम्ल दाबणारी गोळी, क्लॅरिथ्रोमायसिन आणि ॲमॉक्सिसिलिन. या बाईंना तो दिला नाही. गेल्या काही वर्षांत छातीच्या संसर्गासाठी त्यांनी क्लॅरिथ्रोमायसिनच्या गटातली औषधं दोनदा घेतली होती, म्हणजे जीवाणू त्या गटाला सरावलेला असण्याची शक्यता मोठी. क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणाऱ्या एच. पायलोरीचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या चिंताजनक जीवाणूंच्या यादीत वरच्या प्राधान्याने केला होता. दुसरं कारण त्यांच्याच औषधांच्या डब्यात होतं: क्लॅरिथ्रोमायसिनमुळे ॲटोरव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते.

म्हणून बिस्मथ असलेला चौपदरी उपचार निवडला: आम्ल दाबणारी गोळी दिवसातून दोनदा, बिस्मथ, टेट्रासायक्लीन आणि मेट्रोनिडाझोल, पूर्ण १४ दिवस. अमेरिकेतल्या जठररोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत हाच पहिल्या पसंतीचा उपचार आहे. आम्ल दाबणाऱ्या नव्या औषधांपैकी व्होनोप्राझानचा विचार झाला होता. नेहमीच्या गोळ्या आम्ल तयार होत असतानाच कार्यक्षम होतात, म्हणून त्या जेवणाआधी घ्याव्या लागतात आणि पूर्ण परिणामाला काही दिवस लागतात. व्होनोप्राझान पोटॅशियमची जागा अडवून आम्लाचा पंप थेट बंद करतं, पहिल्याच दिवसापासून आणि जेवणाच्या वेळेची फिकीर न करता. आम्ल जितकं कमी, तितकं ॲमॉक्सिसिलिनसारखं औषध जठरात अधिक टिकतं आणि जीवाणूवर अधिक चालतं. अमेरिका आणि युरोपातल्या रुग्णांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारा जीवाणू जुन्या तिहेरी उपचाराने ३१.९ टक्के रुग्णांतच गेला. व्होनोप्राझानसह तिहेरी उपचाराने ६५.८ टक्के, तर केवळ व्होनोप्राझान आणि ॲमॉक्सिसिलिनच्या जोडीने ६९.६ टक्के. फरक मोठा आहे, तरी सत्तरच्या आत राहिलेला आकडा पुरेसा म्हणता येत नाही. ज्या रुग्णाला तिसऱ्यांदा रक्तस्राव परवडणार नाही, तिथे बिस्मथचा मार्ग अधिक भरवशाचा वाटला.

उपचार सुरू करण्याआधी बाईंना आणि मुलीला बसवून एक गोष्ट दोनदा सांगितली: बिस्मथने शौचाला काळी होईल. हे सांगितलं नसतं तर दुसऱ्याच दिवशी घाबरगुंडी उडाली असती, कारण या घरात काळी शौच म्हणजे काय हे सगळ्यांना कळलेलं होतं. फरकही समजावला. बिस्मथची शौच काळी असते पण चिकट नसते, तिला रक्ताचा तो उग्र वास नसतो, चक्कर किंवा धडधड नसते. शंका आली तर फोन करायचा, गोळ्या आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत. पाचव्या दिवशी फोन आला तो मळमळीचा. तोंडाला धातूसारखी चव, जेवण नको वाटणं. मेट्रोनिडाझोल जेवणानंतर घ्यायला सांगितलं, मळमळीची गोळी जोडली, आणि मुलीने उरलेल्या दिवसांचा तक्ता करून भिंतीला लावला. अर्धवट सोडलेला कोर्स जीवाणूला मारत नाही, त्याला औषधाची ओळख करून देतो. त्या तक्त्याचा वाटा औषधांइतकाच मोठा होता, असं मी मानतो.

गेला की नाही?

दोन महिन्यांनी एंडोस्कोपी केली. अल्सर भरून त्या जागी जखमेची फिकट गुलाबी खूण उरली होती. पण जीवाणू गेल्याची खात्री करताना पेच उभा राहिला. श्वासचाचणी खरी यायची तर अँटिबायोटिक आणि बिस्मथ थांबून किमान चार आठवडे आणि आम्ल दाबणारी गोळी थांबून दोन आठवडे व्हायला हवेत. पहिली अट पूर्ण झाली होती. दुसरीचं काय? ॲस्पिरिन चालू असताना, दोनदा रक्तस्राव झालेल्या रुग्णाला दोन आठवडे संरक्षणाशिवाय ठेवायचं कसं? गोळी चालू ठेवून चाचणी केली तर पुन्हा खोटं निगेटिव्ह पदरी पडण्याची भीती, म्हणजे पहिल्या वेळचीच पुनरावृत्ती.

मधला मार्ग काढला. त्या दोन आठवड्यांसाठी फॅमोटिडीन दिलं. ते आम्ल कमी करतं, पण या चाचणीत त्याचा अडथळा फार कमी असतो. चाचणीच्या आदल्या दिवशी तेही थांबवलं. उपाशीपोटी एका पिशवीत श्वास, मग कार्बन-१३ असलेल्या युरियाचं द्रावण, अर्ध्या तासाने दुसऱ्या पिशवीत श्वास. जीवाणू असता तर युरिया फुटून तो कार्बन श्वासात उतरला असता. उतरला नाही. चाचणी निगेटिव्ह, आणि या वेळी ती भरवशाने निगेटिव्ह.

आता पुढे काय? जीवाणू गेला की ॲस्पिरिन घेणाऱ्याला धोका किती राहतो, यावर २००१ मधला हाँगकाँगचा अभ्यास महत्त्वाचा आहे. जीवाणू असलेल्या आणि रक्तस्राव होऊन गेलेल्या रुग्णांना एकतर जीवाणू मारणारा उपचार दिला, नाहीतर सहा महिने ओमेप्राझोल. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत पुन्हा रक्तस्राव अनुक्रमे १.९ आणि ०.९ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखाच. नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक घेणाऱ्यांत मात्र १८.८ आणि ४.४ टक्के. जीवाणू काढल्याने ॲस्पिरिनचा धोका आटोक्यात येतो, वेदनाशामकांचा येत नाही. ब्रिटनमध्ये साठीपुढच्या ॲस्पिरिन घेणाऱ्या ५,३५२ जीवाणूबाधितांवर झालेला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास थोडी सावधगिरीही शिकवतो: उपचारानंतर पहिल्या अडीच वर्षांत अल्सरच्या रक्तस्रावाने दाखल होण्याचा धोका साधारण दोन तृतीयांशांनी कमी झाला, त्यानंतर मात्र हा फायदा दिसला नाही.

म्हणून बाईंची आम्ल दाबणारी गोळी पुन्हा सुरू केली, रोज एक, ॲस्पिरिन चालू आहे तोवर. ‘पण मूत्रपिंड?’ हा त्यांचा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता, कारण त्या भीतीनेच पहिल्यांदा गोळी सुटली होती. हृदयरोगाच्या १७,५९८ रुग्णांना सरासरी तीन वर्षं पँटोप्राझोल किंवा बिनऔषधी गोळी देऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. मूत्रपिंडाचे आजार, हाडं मोडणं, न्यूमोनिया, स्मृतिभ्रंश यांत ठळक फरक नव्हता. आतड्याचे संसर्ग मात्र थोडे जास्त होते, १.४ टक्के विरुद्ध १.० टक्का. हे आकडे त्यांना कागदावर लिहून दिले. विनाकारण वर्षानुवर्षं ही गोळी घेणारे पुष्कळ लोक आहेत आणि त्यांची ती थांबवायला हवी. या बाई त्यांच्यातल्या नाहीत. ॲस्पिरिनऐवजी रक्त पातळ करणारं दुसरं औषध, क्लोपिडोग्रेल, द्यावं, असं सुचवणारेही भेटले. २००५ च्या अभ्यासात वर्षभरात पुन्हा रक्तस्राव क्लोपिडोग्रेलवर ८.६ टक्के आणि ॲस्पिरिन अधिक आम्ल दाबणाऱ्या एसोमेप्राझोलवर ०.७ टक्के होता, त्यामुळे तो विचार तिथेच संपला.

राहता राहिले गुडघे. सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक जठराला सौम्य मानलं जातं. पण ॲस्पिरिन आवश्यक असलेल्या आणि आधी रक्तस्राव झालेल्या ५१४ रुग्णांत दीड वर्षात पुन्हा रक्तस्राव सेलेकॉक्सिब आणि आम्लाची गोळी एकत्र घेऊनही ५.६ टक्के झाला, नॅप्रोक्सेनवर १२.३ टक्के. दोनांतलं कमी वाईट निवडण्याची वेळ आणूच नये, म्हणून सध्या पॅरासिटामॉल, वरून लावायचं मलम आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम एवढ्यावर भागवलं आहे. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलणं चालू आहे. त्यांच्यासाठी फाइलच्या पहिल्या पानावर तीन नोंदी केल्या आहेत: शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅक देऊ नये, ॲस्पिरिन हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय थांबवू नये, आणि आम्ल दाबणारी गोळी शस्त्रक्रियेच्या दिवशीही चुकवू नये.